जुन्या घरासाठी जुनेच दार! खरेदीला निघण्यापूर्वी हे वाचा

गावाकडचे घर दुरुस्त करायचे ठरले, की पहिला सल्ला कंत्राटदाराकडून येतो. ‘‘हे सगळं काढून टाका. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावू, फ्लश डोअर बसवू. पंधरा दिवसांत घर नवं!’’ ऐकायला बरे वाटते. घरातले सगळे माना डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी अंगणात जुन्या दारांचा, गजांचा आणि कौलांचा ढीग पडतो.

आमच्या आजोळी असेच झाले. मागच्या दाराला वाळवी लागली होती, म्हणून पुढचे धडधाकट दारही काढले गेले. भंगारवाल्याने दोन्ही दारे वजनावर नेली. आजीने फक्त पुढच्या दाराची पितळी कडी काढून घेतली आणि पदराने पुसून कपाटात ठेवली. दोन वर्षांनी आईच्या मनात आले, की ओटी पूर्वीसारखी करावी. मग आम्ही तसेच दार शोधत बाजार पालथे घालू लागलो. तेव्हा समजले, की जे आपण किलोवर विकले ते दुकानात नगावर विकले जाते आणि दोन्ही किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्याहून मोठी अडचण मापाची होती. आमच्या चौकटीत बसेल असे दार काही मिळेना.

तुम्हीही वाडा, कौलारू घर किंवा चाळीतली जुनी खोली पूर्वीच्या रूपात आणायचा विचार करत असाल, तर पाडकामातून निघालेल्या जुन्या वस्तू उत्तम पर्याय आहेत. मात्र ही खरेदी मॉलमधल्या खरेदीसारखी नसते. इथे वस्तू एकच असते, बदलून मिळत नाही आणि तिला वॉरंटीही नसते. म्हणून थोडी तयारी करूनच निघा.

आधी स्वतःच्या घरात शोधा

सगळ्यात स्वस्त आणि मापात बसणारी जुनी वस्तू तुमच्याच घरात असते. माळा, गोठा, न्हाणीघर, मागची पडवी नीट पाहा. कित्येक घरांत काढलेली खिडकीची झडप कोंबड्यांच्या खुराड्याला लावलेली असते, तर जुन्या दाराची फळी लाकडे रचायला वापरलेली असते. कडी-कोयंडे, बिजागऱ्या, झोपाळ्याच्या पितळी कड्या, काचेच्या हंड्या असे बरेच काही डब्यांतून आणि पोत्यांतून सापडते.

दार खराब झाले म्हणजे संपूर्ण दार गेले, असे नसते. बहुतेक दारे खालून कुजतात, कारण पावसाचे आणि फरशी धुतल्याचे पाणी तिथे साचते. चांगला सुतार खालचा कुजलेला भाग कापून तेवढाच नवा सागवानी तुकडा जोडून देतो. खिडकीचे तावदान फुटले असेल तर काच बदलता येते. म्हणून काहीही टाकण्यापूर्वी एकदा सुताराला दाखवा. कंत्राटदाराला विचारू नका, सुताराला विचारा, कारण दोघांच्या कामाचा हिशोब वेगळा असतो.

आणखी एक गोष्ट. घर वडिलोपार्जित असेल, तर काका, आत्या, चुलत भावंडे अशा सगळ्या वाटेकऱ्यांशी आधी बोलून घ्या. दार काढल्यावर ‘‘मला विचारलं का?’’ असा प्रश्न आला, तर जुन्या दारापायी नवे भांडण उभे राहते.

यादी, मापे आणि फोटो

बाजारात पाऊल टाकण्यापूर्वी मोबाइलमध्ये तीन गोष्टी असू द्या.

पहिली म्हणजे यादी. नेमके काय हवे ते लिहा, जसे एक पुढचे दार, दोन खिडक्यांचे गज, सहा बिजागऱ्या, ओटीसाठी तीस फरश्या. यादी नसेल तर माणूस दाराला म्हणून जातो आणि ग्रामोफोन घेऊन येतो.

दुसरी म्हणजे मापे. जुन्या घरांची बांधणी फूट आणि इंचांत झालेली असते, तेव्हा तशीच मापे घ्या. भिंती सरळ असतीलच असे नाही, म्हणून उंची डावीकडे, उजवीकडे आणि मध्ये अशी तीनदा मोजा. रुंदीही तशीच मोजा. भिंतीची जाडी विसरू नका. वाड्यांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फुटांच्या असू शकतात आणि शहरातल्या इमारतीतून आलेली चौकट त्यात फारच अरुंद दिसते.

तिसरी म्हणजे फोटो. उरलेल्या दारांचे, बिजागऱ्यांचे आणि फरशीच्या नक्षीचे जवळून फोटो काढा. सोबत एक मोजपट्टी ठेवून फोटो काढलात, तर दुकानदारालाही आकाराचा अंदाज येतो.

शक्य असेल तेव्हा दार चौकटीसकट घ्या. अनेक जुनी वाड्याची दारे बिजागरीवर लटकलेली नसतात. ती वर आणि खाली असलेल्या लाकडी खुंटांवर फिरतात. हे खुंट ज्या भोकांत बसतात ती चौकटीत असतात. नुसती झडप आणली, तर ती फिरणार कशावर?

कुठे जायचे?

मुंबईत दोन ठिकाणे प्रसिद्ध आहेत. भेंडी बाजाराजवळच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर दिवे, कड्या, मुठी, आरसे आणि घड्याळे यांची दुकाने आहेत. ही दुकाने शुक्रवारी बंद असतात, तेव्हा दिवस पाहून जा. दारे, खिडक्या आणि मोठे फर्निचर हवे असेल, तर जोगेश्वरी-ओशिवरा भागात एस. व्ही. रोडवरची जुन्या लाकडी सामानाची दुकाने पाहा.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे लहानसहान लोखंडी आणि पितळी वस्तू मिळतात. सकाळी लवकर गेलात, तर निवड जास्त असते. मोठ्या वस्तूंसाठी मात्र ज्या पेठेत वाडा पाडला जात असेल, तिथे ते काम घेतलेल्या ठेकेदाराला गाठणे सोपे. माल दुकानात पोहोचण्यापूर्वीच बोलणी झाली, तर भाव कमी पडतो.

तुम्ही गुजरातेत राहत असाल, तर साबरमतीच्या काठी रविवारी भरणारा अहमदाबादचा रविवारी बाजार चुकवू नका. २०१७मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या या शहराच्या जुन्या पोळांमध्ये लाकडी कोरीव कामाची परंपरा आहे. बडोद्यातल्या मराठी घरांनाही हे काम शोभून दिसते.

दक्षिणेत तमिळनाडूतले कारैकुडी हे या खरेदीचे मोठे केंद्र आहे. इथल्या चेट्टियार व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेशातून सागवान आणून प्रचंड घरे बांधली. पुढे वाटण्या झाल्या, माणसे शहरांत गेली आणि काही घरे उतरवली गेली. त्यांचे खांब, दारे आणि भांडी मुनीश्वरन कोविल रस्त्यावरच्या दुकानांत दिसतात. तंजावरकडच्या मराठी कुटुंबांना हे ठिकाण जवळ पडते. केरळमध्ये कोचीच्या मट्टनचेरीतील ज्यू टाउन असेच प्रसिद्ध आहे, पण पर्यटकांची वर्दळ असल्याने तिथे घासाघीस करण्याची तयारी ठेवा.

दिल्लीत लाजपत नगरजवळच्या अमर कॉलनीत फर्निचरचा बाजार आहे. इथे जुन्या पद्धतीने बनवलेल्या नव्या वस्तूही भरपूर असतात. तशी वस्तू घेण्यात काहीच चूक नाही, फक्त नव्याचे पैसे द्या, जुन्याचे नकोत.

खरे जुने कसे ओळखाल?

खिशात एक लहान चुंबक ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. ‘अस्सल पितळ’ म्हणून दाखवलेली मूठ चुंबकाला चिकटली, तर ती वरून मुलामा दिलेली लोखंडी मूठ आहे. हाच चुंबक लाकडावरून फिरवला, की आत लपलेले खिळेही कळतात. हे खिळे राहिले, तर सुताराच्या रंध्याचे पाते तुटते आणि त्याचा राग तुमच्यावर निघतो.

झीज कुठे आहे ते पाहा. खऱ्या दाराची झीज जिथे हात लागतो तिथे असते, म्हणजे कडीभोवती, मुठीवर, उंबरठ्याच्या मधोमध. दुकानात ‘जुने केलेले’ दार सगळीकडे सारखेच घासलेले असते. स्क्रूही पाहा. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू दिसला, तर तो भाग तरी पुढच्या काळात बसवलेला आहे. एका सरळ खाचेचे स्क्रू किंवा हाताने घडवलेले खिळे जास्त जुने असतात.

लाकडाचे वजन करून पाहा. दार एका बाजूने थोडे उचला. सागवान दिसते त्यापेक्षा जड लागते, हाताला किंचित तेलकट वाटते आणि खरवडल्यावर त्याला चामड्यासारखा वास येतो. दाट पॉलिश किंवा ऑइल पेंट असेल, तर मागच्या कोपऱ्यात थोडे खरवडून पाहण्याची परवानगी मागा. परवानगी मिळाली नाही, तर पुढच्या दुकानात जा.

कीड तपासायला वेळ द्या. टाचणीएवढी भोके जुनी असली, तर घाबरण्याचे कारण नाही. पण भोकांतून पिठासारखा ताजा भुगा पडत असेल, तर कीड अजून जिवंत आहे. बोटांनी टकटक करा. पोकळ आवाज आला, तर आतून वाळवीने खाल्लेले असू शकते. असे लाकूड घरी आणणे म्हणजे घरातल्या चांगल्या तुळयांनाही धोका.

कौले आणि फरश्या : इथे चूक सहज होते

आपल्याकडे सर्रास दिसणारी मंगलोरी कौले बनवणारा पहिला कारखाना १८६५मध्ये बासेल मिशनने मंगळूरला सुरू केला. नंतर अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाने कौलावर आपले नाव उठवले. हे नाव फक्त शोभेचे नाही. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा थोड्या थोड्या वेगळ्या असतात. त्यामुळे ती एकमेकांत घट्ट बसत नाहीत आणि पहिल्याच पावसात गळती सुरू होते. म्हणून स्वतःच्या छपरावरचे एक कौल काढून सोबत न्या आणि त्याच नावाची कौले शोधा. फुटतूट धरून थोडी जास्तच घ्या.

रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्यांचेही तसेच. बहुतेक फरश्या आठ इंच चौरस असतात, पण जाडी वेगवेगळी असते. शिवाय पाडकामात निघालेल्या फरशीच्या मागे जुना चुना चिकटलेला असतो, तो खरवडताना काही फुटतात. नक्षी जुळतच नसेल, तर निराश होऊ नका. मुंबईची भारत फ्लोअरिंग्ज ही १९२२मध्ये सुरू झालेली कंपनी आजही अशा फरश्या बनवते आणि चेट्टिनाडमधल्या आतंगुडी गावात काचेवर रंग ओतून हाताने फरश्या केल्या जातात. चार-पाच फरश्यांसाठी वर्षभर बाजार धुंडाळण्यापेक्षा नव्या करून घेणे कधी कधी शहाणपणाचे ठरते.

घरात लहान मुले आहेत? मग हे आधी वाचा

जुन्या दाराचा खरा धोका त्याच्या रंगात असतो. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये शिसे मोठ्या प्रमाणात असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या दाराबद्दल सावध राहिलेलेच बरे. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते आणि त्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नका आणि ब्लो लॅम्पने जाळूही नका. कोरड्या घासण्याने धूळ उडते आणि जाळल्याने विषारी वाफ निघते. पाणी शिंपडून, पृष्ठभाग ओला ठेवून रंग खरवडावा. काम घराबाहेर करावे, खाली प्लास्टिक अंथरावे, काम करणाऱ्याने चांगला मास्क वापरावा. मुले आणि गरोदर स्त्रिया तिथे नसाव्यात. खरवडलेला रंग बागेच्या मातीत टाकू नये.

विजेच्या वस्तूंसाठी सोपा नियम लक्षात ठेवा, रूप जुने, आतले सगळे नवे. हंडी, झुंबर, पितळी ब्रॅकेट जरूर घ्या, पण आतली कापडी वायर आणि होल्डर इलेक्ट्रिशियनकडून बदलून घ्या. धातूच्या दिव्याला अर्थिंग हवेच. चिनी मातीची किंवा बेकेलाइटची काळी गोल बटणे दिसायला सुंदर असतात, पण भेगा असतील किंवा आतले स्प्रिंग सैल झाले असेल, तर ती शोभेपुरतीच ठेवा. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलीॲम्पिअरचे आरसीसीबी बसवून घ्या. शॉक लागताच ते वीज तोडते.

जुने पितळी नळ बागेत किंवा हात धुवायला ठीक आहेत. त्यांच्या धातूत शिसे असू शकते, म्हणून पिण्याच्या पाण्याला ते लावू नका.

जिन्याचे किंवा गच्चीचे जुने ओतीव लोखंडी कठडे घेताना दोन गजांमधले अंतर मोजा. मुलाचे डोके अडकेल इतके अंतर असेल, तर आतून जाळी लावावीच लागेल.

‘हे कुठून आलं?’ असे विचारायला लाजू नका

दुकानात कोरीव खांब पाहून आपण हरखून जातो. पण तो खांब कुणाच्या तरी घरात उभा होता. तो घरमालकाने विकला, पाडकामात निघाला, की बंद पडलेल्या घरातून रात्री उचलला गेला, हे कळले पाहिजे. प्रामाणिक दुकानदार गावाचे, निदान भागाचे नाव सांगतो आणि पक्के बिल देतो. ‘‘ते तुम्हाला काय करायचंय?’’ असे उत्तर आले, तर वस्तू कितीही आवडली तरी सोडून द्या.

यात कायद्याचाही भाग आहे. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात. इमारतीपासून सुट्या केलेल्या वस्तूही त्या व्याख्येत येतात. पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून देवळातली कोरीव चौकट, मूर्ती किंवा शिल्प असलेला खांब यांच्या वाटेला जाऊ नका. परदेशातल्या लेकीकडे ‘आठवण म्हणून’ जुने कोरीव दार पाठवण्याचा विचार असेल, तर आधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करा.

तुमची स्वतःची इमारत वारसा यादीत असेल, तर दार-खिडक्या बदलण्यापूर्वी परवानगी लागू शकते. मुंबईत असे नियम १९९५पासून आहेत. नगरपालिकेत एकदा विचारून घ्या.

खर्चाचा खरा हिशोब

दुकानदार सांगतो ती किंमत म्हणजे फक्त पहिला आकडा. त्यात टेम्पोचे भाडे, चढवण्या-उतरवण्याची हमाली, कीडनाशक, रंग काढण्याची मजुरी, सुताराचे काम, कमी पडलेल्या बिजागऱ्या आणि शेवटचे पॉलिश हे सगळे मिळवा. मग ठरवा. कित्येकदा मोडकळीला आलेले ‘स्वस्त’ दार शेवटी धडधाकट दारापेक्षा महाग पडते.

म्हणून खरेदीआधी सुतार ठरवा आणि जमल्यास त्याला सोबत न्या. एका दिवसाची मजुरी द्यावी लागेल, पण तो एका नजरेत सांगेल, की हे जमेल आणि हे नाही. सगळे एकाच फेरीत घेण्याचा अट्टहास नको. आधी दार, मग खिडक्या, मग दिवे असे टप्पे करा.

बसवताना एक काळजी घ्या. माती आणि चुन्याच्या जुन्या भिंतीत चौकट बसवताना सिमेंट थापू नका. सिमेंट कडक असते आणि भिंतीतली ओल अडवून धरते. ती ओल मग लाकडाकडे सरकते. चुन्याचा गिलावा जाणणारा गवंडी शोधला, तर दार आणि भिंत दोन्ही टिकतील.

आणि पितळ? ते चिंच-मिठाने घासून लख्ख करायचे, की वर्षांची काळसर झाक तशीच ठेवायची, हा प्रत्येकाच्या आवडीचा प्रश्न आहे. मात्र एका कोपऱ्यात करून पाहा. गेलेली झाक परत यायला पुन्हा तितकीच वर्षे लागतात.

शेवटी दार मिळाले

आम्हालाही अखेर दार मिळाले. पुण्यातल्या एका पेठेत वाडा उतरत होता, तिथून. उंची आमच्या चौकटीपेक्षा चार इंच कमी होती. सुताराने वर पट्टी जोडली, ती आजही जवळून पाहिली की दिसते. विकणाऱ्या काकांनी आपणहून सांगितले, ‘‘आमच्या आजोबांच्या काळातलं आहे. उघडताना थोडं उचलून घ्या, नाहीतर कुरकुरतं.’’ पैसे घेतल्यावरही ते बराच वेळ टेम्पोकडे पाहत उभे होते.

आजीने कपाटातून कडी काढून दिली. नव्या भोकांसाठी सुताराने विचारले, तेव्हा तिने हाताने उंची दाखवली. आमच्या जुन्या दाराला होती अगदी तेवढीच. कडी लावून पाहिल्यावर ती म्हणाली, ‘‘दार त्यांचं, कडी आपली. चालेल.’’

तुमच्या अंगणात आज जुन्या दारांचा ढीग पडला असेल, तर भंगारवाल्याला फोन करण्यापूर्वी एक दिवस थांबा. मोजपट्टी घ्या, फोटो काढा, सुताराला बोलवा. त्यातले निम्मे वाचले, तरी बाजारातली निम्मी वणवण वाचेल. आणि जे खरोखरच तुमच्या कामाचे नाही, ते वजनावर देण्याऐवजी दुरुस्ती करणाऱ्या एखाद्या घराला द्या. कुणीतरी नेमके तेच माप शोधत फिरत असेल.